गॅसची ज्योत १९०० अंशांची, मग पातेलं वितळत का नाही?

मोठ्या आगीची बातमी आली की दोन दिवसांत मोबाइलवर एक प्रश्न फिरू लागतो. आग लोखंड वितळण्याइतकी तापतच नाही, मग इमारतीचे खांब वाकलेच कसे? नक्की काहीतरी लपवताहेत! असं विचारणाऱ्याला मी हसत नाही. कुठला पदार्थ किती अंशांना वितळतो नि उकळतो, या आकड्यांचा तक्ता शाळेत आपल्याकडून पाठ करून घेतला जातो, पण त्या आकड्यांचा अर्थ समजावायचा राहून जातो. मग तक्ता समोर असूनही माणूस चुकीच्या निष्कर्षाला पोचतो.

खांबांकडे जाण्याआधी स्वयंपाकघरातलं एक कोडं घेऊ. शेगडीवरच्या गॅसची ज्योत साधारण १९०० अंश सेल्सियसची असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. मग ॲल्युमिनियमच्या पातेल्यात रोज चहा कसा होतो? नुसत्या आकड्यांवर जायचं तर पहिल्या मिनिटालाच पातेल्याचा रस होऊन बर्नरवर सांडायला हवा.

पंगत, मांडव आणि दार

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. सगळे ओळीने पाटावर बसलेत. स्वस्थ कुणीच नाही. चुळबूळ चाललीय, मागे वळून गप्पा चालल्यात, पण जागा कुणी सोडलेली नाही. घन पदार्थातले अणू असेच बसलेले असतात, आणि तापमान म्हणजे त्यांच्या चुळबुळीचं माप. उष्णता देत गेलं की चुळबूळ वाढते. ती एका टोकाला पोचली की ओळी मोडतात आणि माणसं मांडवभर फिरू लागतात, एकमेकांना खेटून पण मांडवाच्या आतच. हा द्रव. ओळी ज्या तापमानाला मोडतात तो द्रवणांक. आणखी जोर चढला की माणसं दाराबाहेर पडतात, पांगतात. हा वायू. बाहेर पडण्याची झुंबड दाराशीच नव्हे तर मांडवाच्या मधोमधही उडते, ते तापमान म्हणजे उत्कलनांक. पाणी उकळताना बुडबुडे तळापासून उठतात ते यामुळेच.

ओळ मोडणं आणि मांडव सोडणं ही दोन निराळी कामं आहेत. ओळ मोडताना शेजाऱ्याचा हात सुटला तरी लगेच दुसऱ्या कुणाचा धरता येतो. मांडव सोडायचा तर सगळ्यांचेच हात सोडावे लागतात. म्हणून वितळवण्यापेक्षा उकळवणं फार महाग पडतं. किलोभर बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता किलोभर उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते.

काही जण पंगत चालू असतानाच हळूच सटकतात, तसे काही अणू उत्कलनांकाच्या कितीतरी आधी निसटतात. दोरीवरचे कपडे १०० अंशांची वाट न बघता वाळतात ते असे. पारा ३५७ अंशांना उकळतो, तरी फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा फरशीच्या फटीत राहिला तर घरातल्या साध्या हवेतही त्याची विषारी वाफ होत राहते. तो झाडूने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने गोळा करू नये, खिडक्या उघडाव्यात, आणि कागदाच्या कडेने थेंब एकत्र करून झाकणाच्या बाटलीत बंद करावेत.

पातेल्याला वाचवतं ते पाणी

आता कोड्याकडे. ज्योत १९०० अंशांची असली तरी पातेलं तितकं तापलंच पाहिजे असं नाही. पातेल्याला एका बाजूने उष्णता मिळते आणि दुसऱ्या बाजूने ती जात असते. येणं आणि जाणं यांचा मेळ जिथे बसतो, तेवढंच त्याचं तापमान. पातेल्यात पाणी असेल तर जाण्याची वाट फार रुंद असते. ॲल्युमिनियममधून उष्णता झरझर पलीकडे जाते, पाणी ती घेतं आणि वाफ होऊन निघून जातं. उकळत असताना पाण्याचं तापमान १०० च्या वर जात नाही. दिलेली सगळी उष्णता हात सोडवण्यात खर्च होते, चुळबुळीत भर घालत नाही. तापमापकावर न दिसणाऱ्या या उष्णतेला शालेय पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात. त्यामुळे पातेल्याचा तळ शंभरीच्या जरासा वर राहतो, ६६० च्या आसपासही फिरकत नाही.

यातून घरासाठी एक हिशेब निघतो. आमटीला उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवून ती लवकर शिजत नाही. तापमान तेच राहतं, फक्त पाणी भराभर आटतं आणि गॅस जळतो. शून्य अंशाचं लिटरभर पाणी उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त ते आटवून संपवायला लागते. उकळी आली की आच मंद करायची, ही आजीची शिस्त या हिशेबात चोख बसते.

रिकामं पातेलं मात्र खरंच धोक्यात असतं. पाणी आटून गेल्यावर मोठ्या आचेवर विसरलेलं पातळ ॲल्युमिनियमचं भांडं आधी मऊ पडतं, तळ खाली झुकतो, आणि कधीकधी वितळतंही.

कल्हईचं भांडं याहून नाजूक. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देतात. माझ्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत येऊन बसला की आम्ही पोरं त्याच्याभोवती गोल करायचो. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला भाता. भांडं तापलं की तो नवसागराची पूड टाकायचा, पांढरा धूर उठायचा आणि धातूवरची काजळी निघून जायची. मग कथिलाची कांडी तळाला नुसती टेकवायची. ती क्षणात पाघळायची, आणि कापसाच्या बोळ्याने तो रस भांडंभर फिरवला की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. त्या वेळी ती जादू वाटायची. आता कळतं की तो मोठ्या अंदाजाचा खेळ होता. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. या दोन आकड्यांमधली प्रशस्त मोकळी जागा हीच त्या कारागिराची कामाची जागा. भांडं २३२ च्या थोडं वर न्यायचं, पण इतकं नाही की कथील जळून काळं पडेल. हातात तापमापक नसायचा. धुराच्या रंगावर आणि कांडी किती सहज पाघळते यावर सगळं चालायचं.

म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये म्हणतात. पाणी किंवा आमटी आत असेतोवर थर शंभर-एकशेदहाच्या पुढे जात नाही. फोडणीसाठी मात्र असं भांडं मला योग्य वाटत नाही. शेंगदाण्याचं रिफाइंड तेल धुरावू लागतं तेव्हा ते सव्वादोनशे अंशांच्या आसपास असतं, म्हणजे कथिलाच्या द्रवणांकाच्या अगदी उंबरठ्यावर.

लवकर वितळलं म्हणजे लवकर उकळतं का?

असं वाटणं साहजिक आहे, पण तसं नसतं. गॅलियम नावाचा धातू २९.८ अंशांना वितळतो. थंड खोलीत तो घट्ट खडा असतो, तळहातावर ठेवला की काही मिनिटांत पाघळतो. मुंबईच्या मे महिन्यात तर तो टेबलावरच वितळलेला सापडेल. उकळायला मात्र त्याला २२०० अंशांहून जास्त लागतात. त्याच्या घन रूपातली पंगत अवघडलेली असते. अणू जोडीजोडीने, वाकड्यातिकड्या ओळींत बसलेले, त्यामुळे उठायला निमित्तच हवं असतं. पण उठल्यावर मांडव सोडायला कुणी तयार नाही. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ साली हा धातू सापडण्याआधीच त्याचे गुणधर्म सांगून ठेवले होते, आणि तो सहज वितळेल हेही त्यांत होतं. १८७५ साली गॅलियम फ्रान्समध्ये सापडला.

टंगस्टन दुसऱ्या टोकाला. तो ३४२२ अंशांना वितळतो, सगळ्या धातूंत उशिरा. म्हणून जुन्या पिवळ्या बल्बची तार टंगस्टनची असायची. अडचण अशी की असा धातू वितळवायचा कशात? मूसही टिकायला हवी ना! म्हणून टंगस्टनची पूड दाबून, तापवून, ठोकून तार काढली जाते, आणि या पद्धतीने १९१० च्या सुमारास बल्बचं रूपच पालटलं. त्याचा उत्कलनांक एका पुस्तकात ५५५५ दिसतो, दुसऱ्यात ५९०० च्या वर. इतक्या तापमानाला धातू धरून ठेवून मोजणंच फार अवघड आहे, म्हणून आकडे जुळत नाहीत.

पारा खोलीत पातळ का असतो, याचं उत्तर थेट आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतापर्यंत जातं. पाऱ्याच्या केंद्रात ८० प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने फिरतात. या वेगाचा परिणाम असा की सगळी घडी केंद्राकडे आकसते आणि बाहेरचे दोन इलेक्ट्रॉनही पारा जवळ धरून बसतो. शेजाऱ्यांना देण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे त्यांचा हातही तो सैलच धरतो, आणि उणे ३९ अंशांपर्यंत द्रवच राहतो.

आणि कापूर? तो पंगतीतून उठून सरळ घरी जाणाऱ्यातला. डबीत ठेवलेली वडी न पाघळता हळूहळू लहान होत जाते. घनातून थेट वायूत जाण्याला संप्लवन म्हणतात.

दोघे एकत्र आले की आकडा खाली येतो

शुद्ध पदार्थ एका ठरावीक तापमानाला वितळतो. मिश्रणाचं तसं नसतं. एकसारख्या उंचीची माणसं ओळीत नीट बसतात. मध्येच वेगळ्या मापाची माणसं बसवली की ओळ आधीच डळमळते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, कथील २३२ ला. पण ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं मिसळलं की ते १८३ अंशांनाच वितळतं, दोघांच्याही खाली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची झाळकामाची तार वर्षानुवर्षं याच मिश्रणाची असायची.

सोन्यातही हेच. सोनं १०६४ ला वितळतं, तांबं १०८५ ला. पण ८० भाग सोनं आणि २० भाग तांबं यांचं मिश्रण ९१० लाच. दागिन्याचे तुकडे जोडताना सोनार जी झाळ वापरतो ती दागिन्याच्या सोन्याआधी वितळेल अशीच बनवलेली असते. नाहीतर जोड बसण्याआधी दागिनाच वाहून जायचा. घराला आग लागली तर सोनं ‘जळून’ जातं का, असं बरेच जण विचारतात. जळत नाही. सोन्याचा हवेशी संयोग होत नाही, आणि ते उकळायला २८०० च्या वर अंश लागतात, तेवढी कुठलीच घरची आग जात नाही. दागिन्याचे जोड सुटतील, कदाचित गोळा होईल, पण तो राखेत सापडतो. राख घाईने फेकू नका.

उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात जाडं मीठ घालतात, तेही याच नियमावर. मिठामुळे बर्फाचा द्रवणांक खाली जातो, उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतो. शून्याला आरामात बसलेला बर्फ आता वितळू लागतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. दूध गोठतं.

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तर जिवाशीच गाठ. कुकरमध्ये दाब वाढवून पाण्याचा उत्कलनांक १२० च्या आसपास नेलेला असतो. (उलट उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून लेहला पाणी ८८ अंशांनाच उकळतं आणि कुकरशिवाय डाळ शिजायला नको होते.) शिट्टीची वाट तुंबली किंवा पाणी संपलं की तापमान चढतं, आणि व्हॉल्व्हमधला कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू सगळ्यात आधी पाघळून वाफेला वाट देतो. त्या जागी स्क्रू किंवा दुसरा कुठला तुकडा ठोकून काम भागवू नका. त्याच कुकरसाठी बनवलेला व्हॉल्व्ह काही रुपयांत मिळतो.

‘लोखंड वितळलंच नाही, मग खांब वाकले कसे?’

आता सुरुवातीचा प्रश्न. शुद्ध लोखंडाचा द्रवणांक १५३८ अंश आहे. बांधकामाचं पोलाद जरा आधी, साधारण दीड हजारच्या आसपास वितळतं. खोलीत भडकलेल्या आगीतली हवा हजार अंशांपर्यंत जाते. म्हणजे पोलाद वितळत नाही, हे म्हणणं बरोबर आहे. चूक होते ती पुढच्या वाक्यात.

लोहाराकडे बघा. तो लोखंड कधी वितळवतो का? लाल होईपर्यंत तापवतो आणि घणाने हवं तसं वाकवतो. थंड असताना जी कांब दहा माणसांना वाकणार नाही, ती लाल झाली की एका माणसाचं ऐकते. पंगतीच्या ओळी मोडलेल्या नसतात, पण चुळबूळ इतकी वाढलेली असते की जोराने ढकललं तर अख्खी ओळ सरकते. पोलाद ६०० अंशांना तापलं की त्याची ताकद निम्म्याखाली येते, ७०० ला पाव. ज्या खांबावर दहा मजल्यांचं ओझं आहे त्याला वितळण्याची गरजच नसते.

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे २००१ साली कोसळले तेव्हापासून ‘विमानाच्या इंधनाने पोलाद वितळत नाही’ हे वाक्य जगभर फिरतंय. अमेरिकेच्या सरकारी तपासात पोलाद वितळल्याचं कारण दिलेलंच नव्हतं. धडकेने अग्निरोधक लेप उखडला, आगीने उघडं पडलेलं पोलाद मऊ झालं, मजले झुकले, बाहेरचे खांब आत ओढले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडच्या पोलादी सांगाड्यांवर हा लेप लावायचा खर्च वाचवला जातो तेव्हा मला याचीच काळजी वाटते. लेप आग थांबवत नाही. खांब तापायला वेळ लावतो, आणि त्या वेळात माणसं बाहेर पडतात.

लोखंडाचा द्रवणांक इतका वर असल्यामुळे जुन्या काळी भारतात ते बहुतेक वितळवलं जात नसे, भट्टीतला मऊ गोळा ठोकून घडवत. दिल्लीचा लोहस्तंभ ओतलेला नाही, तापलेले गोळे एकमेकांत ठोकून जोडलेला आहे. लोखंडात चार टक्क्यांच्या थोडा वर कार्बन मिसळला की मात्र ते ११५० च्या आसपासच वितळतं आणि साच्यात ओतता येतं. हेच बीड. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांचा सगळा ओतकामाचा धंदा या जवळजवळ चारशे अंशांच्या फरकावर उभा आहे.

जस्त, हाती न लागणारा धातू

सगळ्या तक्त्यात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते जस्ताचे दोन आकडे. ते वितळतं ४१९ ला आणि उकळतं फक्त ९०७ ला. धातूच्या मानाने ही उकळी फार लवकर आली. त्यामुळे माणसाला जस्त फार काळ सापडलंच नाही.

खनिज आणि कोळसा भट्टीत घालायचा, धातू वितळून तळाशी जमतो, तो ओतून घ्यायचा. तांबं, शिसं, कथील, सगळं असंच मिळालं. जस्त खनिजातून मोकळं व्हायलाच हजाराच्या आसपास अंश लागतात. म्हणजे ज्या क्षणी ते सुटतं त्या क्षणी ते वाफ असतं. धुराड्यातून वर जातं, हवा लागली की जळून पांढरी भुकटी होतं. तळाशी काहीच नाही. लोक जस्ताचं खनिज तांब्याबरोबर तापवून पितळ करत होते, ती वाफ तांब्यात मुरत होती. पण पितळेतला दुसरा धातू वेगळा कुणाला दिसत नव्हता.

हे कोडं मोठ्या प्रमाणावर सुटलं ते राजस्थानात, उदयपूरजवळच्या झावरला. तिथल्या कारागिरांनी वाफ वर जाऊच दिली नाही. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरायचं, तोंडाला मातीची नळी लावायची, आणि मूस उलटी टांगून वरून भट्टी पेटवायची. वाफेला एकच वाट, खाली. खाली थंड खोली. तिथे वाफ निवते, थेंब होतात, आणि हवा न लागता जस्त भांड्यात जमतं. एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत ग्रंथात या मुशीला वृंताक मूषा म्हटलंय. वृंताक म्हणजे वांगं. वापरून झालेल्या मुशींचे ढीग इतके होते की झावरला त्यांच्या भिंती रचल्या गेल्या. युरोपात विल्यम चॅम्पियनने ब्रिस्टलला जस्ताचं पेटंट घेतलं ते १७३८ साली, आणि त्याचीही वाफ खालीच उतरत होती. या झावरच्या माणसांची नावं कुठे नाहीत, आणि शाळेच्या तक्त्यात ९०७ या आकड्याशेजारी त्यांच्याबद्दल एक ओळही नसते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तोच ९०७ आज कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात भेटतो. गेट, ग्रिल, शेड यांना जीआय पाइप लागतात, म्हणजे जस्ताचा थर दिलेलं लोखंड. जोडायला लोखंड वितळायला हवं, दीड हजार अंश. आणि जस्त त्याच्या कितीतरी आधी उकळून गेलेलं असतं. पाइपावरून उठणारा दाट पांढरा धूर ही जळलेल्या जस्ताची भुकटी. ती श्वासात गेली की काही तासांनी, बहुधा रात्री, थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून साधा ताप समजून सोडून दिलं जातं. दूध प्यायलं की बाधत नाही, असं बरेच वेल्डर मानतात, पण दूध पोटात जातं आणि भुकटी फुप्फुसात. जोडायच्या जागी दोन-तीन इंच थर आधी ग्राइंडरने काढून टाकायचा, तेव्हाही तोंडावर मास्क ठेवायचा, काम उघड्यावर करायचं, आणि वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असं उभं राहायचं, म्हणजे धूर तोंडावर येत नाही.